मी दणक्याने मोडलो नाही

पुढे यायच्या आधी माझं एक ऐका. माझ्यासमोर लावलेली ती पितळी पाटी वाचू नका, आणि वाचली असेल तर विसरून जा. पाटीच्या मागे, लोखंडी कठड्याच्या आत, पांढरा रंग फासून ज्याला उभं केलंय ना, तो मी बोलतोय. मी एका प्रवासी विमानाचा डावा पाय. चाकं, ब्रेक, दांडा सगळं धरून माणसापेक्षा चांगला उंच. आता एका चाकाची जागा रिकामी आहे आणि आतलं दिसावं म्हणून माझ्या पोटाला खिडकी पाडली आहे. कामावर होतो तेव्हा माझ्या पोटात काय चाललंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. आता रोज नवी पोरंपोरी येऊन डोकावून जातात.

पाटीवर लिहिलंय, 'हार्ड लँडिंगमुळे मोडलेला विमानाचा पाय. महिला वैमानिकाच्या चुकीचे उदाहरण.' दोनच ओळी, पण खोटं बोलायला दोन ओळी पुष्कळ होतात.

हार्ड लँडिंग म्हणजे विमान जमिनीवर जोरात आदळून उतरणं. आमच्यात त्याला सरळ 'दणका' म्हणतात. मी आयुष्यभर दणके खाल्ले आणि त्यातल्या एकानेही मोडलो नाही. मी कशाने मोडलो ते सांगायला आज तोंड उघडलंय. माझं काय, मी लोखंड. पण त्या पाटीने एका बाईचं नाव कायमचं काळं केलंय, आणि ती बाई माझी होती.

माझा जन्म भट्टीतला. पोलादाचा लालभडक ठोकळा एका अवाढव्य प्रेसखाली दाबला, पुन्हा तापवला, पुन्हा दाबला. मग कितीतरी महिने कापणं, घासणं, भोकं पाडणं, तपासणं. माझ्या आत एक चकचकीत दांडा सरकतो. त्याच्या डोक्यावर तेल असतं आणि तेलाच्या वर ठासून भरलेला वायू. विमान टेकलं की दांडा आत जातो, तेल बारीक छिद्रातून पळतं, वायू दबतो आणि दणका माझ्या पोटात जिरतो. वर बसलेल्यांना फक्त 'धप्प' एवढंच कळतं. माझ्यासारख्याच एका थोरल्या भावाला कारखान्यात मुद्दाम उंचावरून आपटून आपटून पाहिलं होतं. तो टिकला, तेव्हा कुठे आमच्या जन्माला परवानगी मिळाली.

विमानाखाली आम्ही तिघं भाऊ. उजवा, मी, आणि पुढे नाकाखाली धाकटा. धाकट्याला वळता येतं म्हणून त्याची मिजास भारी. वजन मात्र आम्हा दोघांवर. आमचं कामही फक्त उभं राहण्याचं आहे असं समजू नका. आम्ही दबल्याशिवाय विमानाला कळतच नाही की आपण जमिनीवर आलोय. आम्ही नीट दबलो की पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात, विमानाचं सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक पकड घेतात. धावपट्टी ओली असेल तर आम्हाला दाबूनच टेकवावं लागतं. नाहीतर चाकं पाण्यावरून नुसती घसरत जातात. म्हणजे दबणं हीच आमची नोकरी.

हे साधं गणित माणसांच्या डोक्यात काही शिरत नाही. वाटेतल्या वादळातून विमान कसं आणलं, ढगातून धावपट्टी कशी शोधली, हे प्रवाशांना दिसत नाही. त्यांना परीक्षा घेता येते ती फक्त शेवटच्या क्षणाची. हळुवार टेकलं की टाळ्या, 'काय लोण्यासारखं उतरवलं!' जरा दणका बसला की तोंडं वाकडी. मी खाली ऐकत असतो. ज्याला स्वतःची गाडी घराच्या दारात धड लावता येत नाही, तोही जिना उतरताना पायलटला मार्क देत असतो.

पायलट लोकांच्याही एकेक तऱ्हा. उड्डाणाआधी त्यांच्यातल्या एकाला खाली उतरून विमानाभोवती फेरी मारावी लागते, सगळं जागच्या जागी आहे ना बघायला. कोणी फोनवर बोलत बोलत फेरी उरकायचा आणि माझ्याकडे बघायचा ते फक्त डोकं आपटू नये म्हणून. कोणी टायरला बूट मारायचा, जणू मी भाड्याची सायकल आहे. एकजण माझ्या आडोशाला उभा राहून बायकोशी भांडायचा. त्यांच्या घरात भाजी कोण आणतं आणि गॅसचा नंबर कोण लावतं, हे मला तोंडपाठ झालं होतं.

ताई मात्र निराळी. को-पायलट होती. मेकॅनिक तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, खिशात छोटी टॉर्च. वाकून बघायची, तेल गळतंय का, दांडा किती बाहेर दिसतोय, टायरला कुठे चीर पडलीय का. सगळं बघून झालं की माझ्या सांध्यावर तळहात टेकायची आणि विचारायची, "काय रे, बरा आहेस ना?" मला आयुष्यात कोणी काही विचारलं असेल तर ते तिनेच.

एकदा तिचे वडील त्याच विमानाने आले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. सगळे उतरून गेल्यावर परवानगी काढून तिने त्यांना पंखाखाली आणलं. ते माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले.

"एवढ्याशा पायांवर एवढं मोठं धूड?"

"पुरतात, बाबा."

"आणि आज उतरवलं कोणी? तूच?"

"मीच."

"मला तर टेकलं कधी तेच कळलं नाही."

"आज पट्टी लांब होती, कोरडी होती. रोज असं नाही करता येत. कधी दाबूनच टेकवावं लागतं."

"आमचंही तेच होतं गं. ब्रेक मारला की मागून शिव्या," असं म्हणून ते हसले. "बरं, कॅप्टन कधी होणार तू?"

"पुढच्या वर्षी व्हायला हवं. डाव्या खुर्चीत बसले ना, की तुम्हाला पहिल्या रांगेत बसवून नेईन."

कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो. को-पायलट कितीही हुशार असला तरी जागा उजवीकडची. तिला ती डावी खुर्ची हवी होती, आणि का हवी होती ते त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं. तो खिडकीतून नव्हे, तर पंखाखालून विमानाकडे बघत होता आणि हात आपोआप शर्टाची कॉलर सारखी करत होता.

त्याच सुमाराला कंपनीत ट्रेनिंगचे नवे मोठे साहेब आले. स्वतः उत्तम उडवायचे, हे मी नाकारत नाही. त्यांचं विमान टेकायचं ते खरोखर लोण्यासारखं, आणि जगात लोण्याशिवाय दुसरं काही खाण्यासारखं नाही असा त्यांचा समज होता.

विमानाच्या पोटात एक यंत्र असतं. प्रत्येक वेळी आम्ही किती जोरात टेकलो ते टिपून ठेवतं. मला घडवणाऱ्यांनी एक मर्यादा सांगून ठेवली होती, याच्या वर दणका गेला तरच पाय तपासा. साहेबांनी त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आपली स्वतःची रेघ ओढली. जो पायलट रेघेच्या वर गेला त्याला बोलावणं, समज आणि फेरपरीक्षा. जो रेघेच्या अगदी खाली राहिला, त्याचं नाव पायलट लोकांच्या खोलीतल्या फळ्यावर, आणि नावापुढे एक कागदी फुलपाखरू.

हो, फुलपाखरू. शेकडो माणसांचा जीव हातात घेऊन उडणारी, केस पांढरे झालेली माणसं कागदी फुलपाखरासाठी झुरायला लागली. माझ्या आडोशाला उभी राहून एकमेकांना विचारायची, "तुमची किती झाली?"

परिणाम मला भोगावा लागला. धावपट्टीवर मोठे पांढरे पट्टे रंगवलेले असतात, इथे टेका म्हणून. आम्ही त्या पट्ट्यांवर पोचायचो आणि टेकायचोच नाही. पायलट विमानाचं नाक किंचित उचलून धरायचा, अजून थोडं, अजून थोडं, आणि आम्ही जमिनीपासून हातभर अंतरावर तरंगत राहायचो. खालून पट्टी सरकत जायची. मी लोंबकळत मनात म्हणायचो, अरे ठेव, ठेव आता खाली. शेवटी कधीतरी अलगद टेकायचो. वर टाळ्या, खाली माझ्या ब्रेकांना आग लागायची वेळ. लांब धावपट्ट्यांवर हे खपून जातं, आणि आमच्या बऱ्याच धावपट्ट्या लांब होत्या.

पण एक आखूड होती. पठाराच्या टोकावर, संपली की पुढे दगडी गटार आणि मग उतार. त्या दिवशी तिथे पाऊस कोसळत होता. विमान ताईच्या हातात होतं.

तिने ते असं टेकवलं की काय सांगू! बरोबर पांढऱ्या पट्ट्यांवर, दाबून, ठाम. मी भसकन दबलो, फळ्या खाडकन उभ्या राहिल्या, ब्रेकांनी पकड घेतली आणि आम्ही निम्मी पट्टी हाताशी राखून थांबलो. माझ्या सगळ्या आयुष्यातलं ते सर्वांत सुंदर लँडिंग. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मला ज्याच्यासाठी घडवलं ते कोणाला तरी समजलंय.

वर मात्र कोणीतरी किंचाळलं, कोणाचा तरी फोन पडला. उतरून पंखाखालून जाताना एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "विमान होतं की खटारा?" दुसऱ्याने कॉकपिटच्या खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई आहे. मग बरोबर." दोघंही हसले. ज्या पायांमुळे धड चालत चालले होते त्यांना टेकूनच हसत होते.

दणका साहेबांच्या रेघेच्या वर गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मला हँगरमध्ये नेलं. तिथल्या सगळ्यांत जुन्या मेकॅनिकला सगळे काका म्हणायचे. काकांनी मला जॅकवर चढवलं, टॉर्च घेऊन सांधा न् सांधा बघितला. ताई शेजारी उभी होती.

"काही झालेलं नाही याला," काका हळूच म्हणाले. "होणारही नव्हतं. पावसात असंच टेकवायचं असतं. बरोबर केलंत तुम्ही."

तेवढ्यात साहेब आले. बूट चकचकीत, हातात फोन. माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "काय, दणका चांगलाच मोठा होता ना?"

ताईने काकांकडे बघितलं. मीही बघितलं. काकांनी हातातलं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"हो साहेब," काका म्हणाले. "मोठा होता."

साहेब गेल्यावर काका माझा दांडा पुसत बसले. दांडा आधीच स्वच्छ होता. लोखंडाला राग येत नाही असं म्हणतात, पण मला आला. माणसांना पाय दोन असतात, पण त्यांवर उभं राहायची वेळ आली की नेमके तेच लटपटतात.

ताईला फेरपरीक्षेला पाठवलं. ही परीक्षा सिम्युलेटरमध्ये होते. बंद खोलीत खांबांवर बसवलेलं खोटं कॉकपिट, काचांवर खोटं आकाश. त्याला माझ्यासारखे पाय नसतात, एवढं सांगितलं तरी पुरे. परत आली तेव्हा फेरी मारता मारता काकांपाशी थांबली.

"पास का?" काकांनी विचारलं.

"तिसऱ्यांदा. तिथला पाऊस काचेवर पडतो, काका. पट्टी काही ओली होत नाही. साहेब मागे बसून सारखे म्हणत होते, धर, अजून धर, जमिनीला कळता कामा नये."

"आणि कॅप्टनचं?"

"पुढे ढकललं. आता वर्षभर रेघेखाली राहून दाखवायचं, मग बघू म्हणाले. आणि टेकायला जमत नाही म्हणून पुन्हा वर गेलात तर तेही नापासच."

"पाऊस होता हे सांगायचं ना तुम्ही."

"सांगितलं. पाऊस सगळ्यांनाच असतो म्हणाले." मग तिने विचारलं, "काका, तुम्ही का नाही सांगितलंत?"

काका खाली बघत म्हणाले, "माझी दोन वर्षं राहिलीत, ताई."

"हं," ती म्हणाली. काकांना त्यानंतर ती नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागली.

त्यानंतरचं वर्ष मला आठवायला आवडत नाही. हात तेच होते, पण त्या हातांत भीती शिरली होती. पूर्वी ती मला विश्वासाने टेकवायची. आता पांढरे पट्टे आले की तिची बोटं आखडायची, आणि आम्ही तरंगायला लागायचो. धर, अजून धर. साहेब विमानात नसले तरी ती त्यांनाच मागे बसवून उडत होती. एक दिवस माझ्यापाशी उभी राहून ती फोनवर म्हणाली, "हो बाबा, फुलपाखरू मिळालं. ... नाही हो, कागदी असतं. फळ्यावर लावतात." पलीकडून म्हातारा बहुधा आनंदाने काहीतरी मोठ्याने बोलत होता. ती ऐकत होती आणि नखाने माझ्यावरचा रंग खरवडत होती.

जी माणसं घाबरवून हळुवारपणा शिकवतात त्यांची मला शिसारी आहे. तेव्हाही होती. पण दबण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि तेवढंसुद्धा मला कोणी करू देत नव्हतं.

अखेर तो दिवस आला. कॅप्टनची शेवटची परीक्षा, खऱ्या विमानात, खरे प्रवासी घेऊन. ताई डाव्या खुर्चीत, परीक्षक म्हणून साहेब उजवीकडे. उतरायचं होतं त्याच पठारावरच्या आखूड पट्टीवर. तिच्या वडिलांना तिने काही कळवलं नव्हतं, पण म्हाताऱ्याला कुठूनतरी सुगावा लागला होता. स्वतःच तिकीट काढून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले होते. जिना चढता चढता त्यांनी वाकून माझ्याकडे बघितलं आणि ओळखीच्या माणसाकडे बघून करतात तशी मान हलवली.

परीक्षेच्या दिवशी फेरी दुसऱ्या कोणी मारली असती तरी चाललं असतं, पण ताई स्वतः उतरली. माझ्यावर तळहात ठेवला. हात घामाने ओला होता. "काय रे," एवढंच म्हणाली. पुढचं विचारलं नाही.

पठारावर पाऊस होताच. ढगातून बाहेर आलो तेव्हा सगळं अगदी व्यवस्थित होतं. वेग बरोबर, उंची बरोबर. पांढरे पट्टे आले. मी तयार झालो. मला वाटलं, आता. आता दाबेल.

नाही दाबलं. पट्टे गेले. आम्ही हातभर वर तरंगत होतो, खालून पाण्याने चमकणारी पट्टी सरकत होती. मी वाट बघत होतो. निम्मी गेली. आणि मग आम्ही टेकलो, इतके अलगद की माझं मलाच कळलं नाही. म्हणजे विमानालाही कळलं नाही. मी दबलोच नव्हतो, मग फळ्या कशा उभ्या राहणार? चाकं पाण्यावर घसरत गेली. मागून काही टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या, मी ऐकल्या. मग फळ्या उठल्या, वजन आलं, ताई ब्रेकांवर अक्षरशः उभी राहिली, पण पट्टी संपली होती.

माझं चाक दगडी गटारात गेलं. माझ्या वरच्या टोकाला एक पिन असते, मुद्दाम जराशी कच्ची ठेवलेली. कशात अडकलो तर मी पंख फाडून इंधनाची टाकी फोडू नये, आधी आपण तुटून बाजूला व्हावं, यासाठी. ती पिन तुटली. मी तुटलो. विमान एका कुशीवर घसरत जाऊन थांबलं. टाकी फुटली नाही, आग लागली नाही. काही जणांची हाडं मोडली, जीव कोणाचा गेला नाही. माझ्या आयुष्यातलं शेवटचं काम मी चोख केलं, एवढं तरी त्या पाटीवर लिहायचं होतं.

गटारात पडल्या पडल्या मी बघत होतो. सगळे दाराच्या घसरगुंडीवरून उतरल्यावर ताई शेवटी उतरली. पावसात तशीच उभी राहिली, हात लोंबकळत. म्हातारा तिच्यापाशी आला. पिशवी अजून हातात होती.

"सगळे उतरले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग चल," ते म्हणाले, आणि तिचा हात धरून तिला गवतातून घेऊन गेले. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला त्या क्षणी तेवढंच महत्त्वाचं वाटलं. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं.

पुढे मला विमानतळाच्या मागे एका शेडमध्ये ताडपत्रीखाली टाकलं. चौकशी करणारे अधूनमधून येऊन माप घ्यायचे. कॉकपिटमधलं बोलणं टेपवर असतं. एकदा दोघं माझ्याशेजारी उभे राहून ते एकमेकांना वाचून दाखवत होते, म्हणून मला कळलं.

साहेब म्हणाले होते, "धर... अजून धर... छान."

ताईने विचारलं होतं, "सर, पट्टी संपत आलीय. पुन्हा वर जाऊ?"

आणि साहेब म्हणाले होते, "परीक्षा तुमची आहे, मॅडम."

वाचणाऱ्याने कागद मिटला. मग दुसरा म्हणाला, "चला, जेवणाची वेळ झाली."

चौकशीत साहेबांनी सांगितलं की परीक्षेत परीक्षकाने मदत करायची नसते. निष्कर्ष निघाला, विमान उशिरा टेकलं, वैमानिकाने पुन्हा वर जायला हवं होतं, आणि याआधीही तिच्या नावावर दणका होता. उशिरा का टेकलं हे कोणी विचारलं नाही. साहेबांना ताकीद मिळाली. थोड्या दिवसांनी सुरक्षेच्या एका समितीवर त्यांना घेतलं. ताईला कंपनीने काढून टाकलं, आणि दुसऱ्या कोणी घेतलं नाही. फळ्यावरची फुलपाखरं अजून लागतात असं ऐकतो.

मग या प्रशिक्षण संस्थेला मी भेट म्हणून मिळालो. मला रंगवलं, पोट कापलं, कठडा बसवला. उद्घाटनाला फीत कापायला कोण आलं असेल? साहेबच. पाटीवरचे शब्दही त्यांचेच. 'उशिरा टेकल्यामुळे' असं लिहिलं असतं तर एखादा तरी विचारता झाला असता, का बरं उशिरा? दणका म्हटलं की कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना आधीच माहीत असतं. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून भाषण केलं, विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माझा पिच्छा इथेही सोडला नाही.

आणि मागच्या सत्रात एका सकाळी नवी शिक्षिका वर्ग घेऊन आली. केस घट्ट बांधलेले, कानामागे आता थोडे पांढरे. हातात टॉर्चऐवजी खडू.

मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं. पाटी वाचली तेव्हा तिचा चेहरा काही फार बदलला नाही, फक्त एकदा ओठ आत घेतले. त्याच दुपारी ती इथेच प्राचार्यांना म्हणाली, "सर, ही पाटी चूक आहे." प्राचार्य भला माणूस. घाबरून म्हणाले, "मॅडम, ती कंपनीची भेट आहे. त्यांच्या जिव्हारी लागेल. असू दे ना, दोन ओळींनी काय होतंय?" ताई 'बरं' म्हणाली. वडील आता अंथरुणाला खिळलेत, आणि ही नोकरी मिळायलाच तिला किती दारं झिजवावी लागली ते तिचं तिलाच माहीत. ती पाटीकडे पाठ करून शिकवते.

परवाचीच गोष्ट. वर्ग माझ्याभोवती उभा होता. एका मुलाने पाटी वाचली आणि विचारलं, "मॅडम, ही पायलट कोण होती? एवढं आपटलं म्हणजे झोपली होती की काय?"

वर्ग हसला. ताईही जरा हसली, शिक्षक हसतात तसं.

"झोपली नव्हती," ती म्हणाली. "तिला पास व्हायचं होतं."

"मग?"

"मग काय, इकडे बघा." तिने माझ्या पोटाच्या खिडकीतून आतल्या दांड्यावर खडू टेकवला. "हा इतका आत जातो. याला दाबायला घाबरायचं नाही. दाबण्यासाठीच बनवलाय."

मुलांनी ते वहीत लिहून घेतलं आणि तास संपल्यावर निघून गेली. ताई मागे राहिली. कठड्यावरून हात आत घालून तिने माझ्या सांध्यावर तळहात टेकला. मी वाट बघत होतो. तिने काही विचारलं नाही. दिवा बंद केला आणि गेली.

माझं बोलणं तिला ऐकू आलं असतं तर सांगितलं असतं, ताई, मी बरा आहे, तू मला मोडलं नाहीस. ते तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. पुढच्या वेळी पावसात तुमचं विमान दणकून उतरलं तर तोंड वाकडं करू नका, मार्क देऊ नका. खाली माझ्यासारखाच कोणीतरी असेल. त्याला दबू द्या.